अकरावा कप्पा

चालू यंत्रातून डिस्क ओढायची नसते,
काढायची असते.
हा फरक दबीर सरांनी शिकवला पहिल्याच आठवड्यात,
जावरा कंपाउंडमधल्या लॅबच्या तळघरात,
जिथे अर्ध्या इंदूरची फुप्फुसं
बारा कप्प्यांत फिरत असतात
आणि मे महिन्यातही शाल लागते.

"यंत्र खोटं बोलत नाही, पण उधारी ठेवतं," म्हणायचे.
"लिहिलं म्हणतं, आणि कागद अजून हातातच असतो.
आधी ती उधारी चुकती करायला लाव.
मग विचार, आत कोणी आहे का.
मग सांग, आता उतर.
हात सगळ्यात शेवटी."

एकदा त्यांनी स्वतः
सातव्याऐवजी आठवा ओढला होता.
एकशे चाळीस पेशंट पुन्हा उपाशीपोटी आले.
हे ते नव्या माणसाला आधी सांगत,
जसं कोणी आपलं गाव सांगतं.

अकराव्या कप्प्यात लॅबचं काही नव्हतं.
जैनसाहेबांनी कानाडोळा केला म्हणून
तिथे सरांचे रविवार होते,
सिरपूर तलावावर पहाटे टिपलेले आवाज,
नऊ वर्षांचे, तारखेवार.
टिबुकली, जांभळी पाणकोंबडी, हळदी-कुंकू बदक,
मधेच दूधवाल्याची सायकल
आणि सरांचा खोकला.

श्रावणात त्यांची उजवी बाजू गेली. बोलणं गेलं.
मुलीचा, मृण्मयीचा फोन आला:
"ते आवाज देशील का, ताई? ऐकवून बघते."

वर सीटी स्कॅन सुरू होता, यंत्र बंद करायची सोय नव्हती.
रात्री अकराला मी उतरायची आज्ञा दिली.
उत्तर आलं, व्यस्त आहे.
आत कोणीतरी आहे.

कोण असणार?
रात्रपाळीचा चौरसिया वरती चहा करून राहिला होता.
यादी मागवली.
यादीत एकच नाव होतं, माझं.

दुपारपासून एका विसरलेल्या खिडकीत
मी त्यांच्या फोल्डरमध्ये उभी होते.
काही उघडलं नव्हतं, काही ऐकत नव्हते,
नुसती उभी, चपला न काढता.

दोन अक्षरं टाइप केली
की माणूस तिथून निघून आपल्या घरी येतो.
ती दोन अक्षरं टाइप करायला
मला बराच वेळ लागला.

यानंतर यंत्र काही बोललं नाही.
आमच्या धंद्यात गप्प राहणं म्हणजे हो.
तबकड्या उतरणीला लागल्या,
आधी शीळ, मग गुणगुण,
मग गिरणीचा पट्टा सुटल्यावर येतो तसा लांब सुस्कारा.
दहा आकडे मोजले. अकरावा पदरचा.
खिट्टी दाबली.
डिस्क हातात आली तेव्हा
नुकत्या इस्त्री झालेल्या कॉलरइतकी गरम होती.
उरलेल्या अकरा दिव्यांना
कळलंसुद्धा नाही.

रामबागेत सर खिडकीजवळ, खुर्चीत.
डिस्क एका डबीत बसवून
मी माझ्याच लॅपटॉपला जोडली
आणि फेब्रुवारीतली एक पहाट लावली.
टिबुकली खिदळली.
सरांच्या चेहऱ्यावर काही आलं की नाही,
आम्ही दोघी डोळ्यांनीच एकमेकींना विचारत राहिलो.
मग ते खोकले, आतले, नऊ वर्षांपूर्वीचे,
आणि मृण्मयी सवयीने पाणी आणायला उठली.

निघताना उशीर झाला होता.
मी घाईत केबलला हात घातला
आणि सरांचा डावा तळवा वर आला.

डबीवरचा दिवा अजून लुकलुकत होता.
मी हात मागे घेतला, जे करायचं ते केलं,
आणि आम्ही तिघं त्या हिरव्या ठिपक्याकडे बघत बसलो.
रस्त्यावर कोणी उगाच हॉर्न देऊन राहिला होता.
ठिपका विझला.
तळवा खाली आला नाही.
एकेक बोट मिटत गेलं, सावकाश,
पाच.
मूठ उघडली.
पुन्हा अंगठ्यापासून.